बीन नव्हती, तरी बीन वाजली

लग्नसराईत गिरगावातून जाणारी वरात चौकात क्षणभर थांबते. बँडवाला क्लॅरिनेटवर एक ओळखीची धून काढतो आणि दुपारपर्यंत पेढीवर गंभीर चेहऱ्याने वह्या तपासणारे एखादे काका रुमालाचे टोक दातांत धरून नाग-गारुड्याचा नाच सुरू करतात. ही धून १९५४ च्या ‘नागिन’ या चित्रपटातील. संगीत हेमंतकुमार यांचे. तिला आजही सगळे ‘बीनेची धून’ म्हणतात. वस्तुतः त्या ध्वनिमुद्रणात गारुड्याची बीन नव्हती. क्लॅव्हिओलिन नावाच्या, विजेवर चालणाऱ्या एका लहानशा वाद्यावर ती वाजवली गेली आणि वाजवणारे होते कल्याणजी वीरजी शाह. साथीला हेमंतकुमारांचे तेव्हाचे साहाय्यक रवी यांची हार्मोनियम होती.

पुढे ‘कल्याणजी-आनंदजी’ या जोडनावाने प्रसिद्ध झालेल्या या दोघा बंधूंचे घर समाजाला परके नाही. वडील वीरजी शाह हे कच्छमधील कुंदरोडीहून मुंबईत येऊन किराणा मालाचे दुकान थाटणारे कच्छी जैन व्यापारी. मुलांचे बालपण गिरगावात, मराठी आणि गुजराती शेजाराच्या सरमिसळीत गेले. त्यांच्या शिक्षणाविषयी एक आठवण नेहमी सांगितली जाते. दुकानाची उधारी चुकती करणे एका संगीतशिक्षकाला जमेना, तेव्हा पैशांच्या बदल्यात त्याने शेठजींच्या मुलांना संगीत शिकवावे असे ठरले. गंमत अशी की त्या शिक्षकाला स्वतःलाच संगीत फारसे येत नव्हते, अशी पुस्तीही या आठवणीला जोडली जाते. ही वसुली वीरजीभाईंच्या वहीत कोणत्या खात्यावर जमा झाली असेल, हा प्रश्न जाणत्या व्यापाऱ्यांवर सोडलेला बरा. एवढे खरे की इतके फळलेले बुडीत येणे क्वचितच कुणाच्या वाट्याला आले असेल.

ही जुनी हकिकत आज आठवण्याचे कारण घराघरांत घडत आहे. गिरगाव, लालबाग, परळ, दादर या भागांतील अनेक कुटुंबांत दिवसा दुकानावर किंवा महाविद्यालयात असणारा मुलगा, कधी मुलगी, रात्री कानांना हेडफोन लावून संगणकासमोर बसते. समोर दोन सप्तकांचा छोटा कीबोर्ड असतो. घरात गिटार नसते, तरीही तासाभराने तयार होणाऱ्या ध्वनिफितीत गिटार वाजत असते. वडीलधाऱ्यांचा प्रश्न स्वाभाविक आहे. हे खरोखर वाजवणे म्हणावे काय? की यंत्राने काढून दिलेला आवाज स्वतःच्या नावावर खपवणे?

उत्तर शोधताना पुन्हा क्लॅव्हिओलिनपाशीच यावे लागते. फ्रान्समधील कॉन्स्टन्ट मार्टिन या अभियंत्याने १९४७ च्या सुमारास हे वाद्य सिद्ध केले. तीन सप्तकांची पट्टी, आवाजाचा रंग बदलणारी बटणांची रांग, आवाज लहानमोठा करण्यासाठी गुडघ्याने ढकलावयाचा दांडा आणि वेगळ्या पेटीत बसवलेला ध्वनिवर्धक, एवढाच त्याचा संसार. एका वेळी एकच सूर निघे. व्हायोलिन, सनई, तुतारी अशा अनेक वाद्यांच्या नकला त्याच्याकडून अपेक्षित होत्या. गारुड्याची बीन मात्र त्या फ्रेंच अभियंत्याच्या स्वप्नातही नसावी. ती सापडली ऐकणाऱ्याच्या कानाला. बीनेला दोन नळ्या असतात, एकीत आधाराचा सूर अखंड घुमतो आणि दुसरीवर धून चालते. गारुडी गाल फुगवून श्वास असा फिरवतो की सूर मध्येच तुटत नाही. हा न तुटणारा सूर, त्यातील किंचित नाकातली घरघर आणि एका स्वराच्या अंगावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, हे सारे मनात पक्के असल्याखेरीज कोणतेही बटण दाबून बीन निघाली नसती. यंत्राने केवळ कच्चा माल पुरवला. त्याची पारख करणारा माणूस पट्टीमागे बसला होता. आणि पुढे तर गारुडीच खऱ्या बिनेवर ही नकली धून वाजवू लागले!

गिटारीच्या बाबतीतही मुंबईने असाच एक प्रसंग पाहिला आहे, जरी तो फार थोड्यांना ठाऊक आहे. जपानच्या रोलँड कंपनीने १९८० च्या दशकाच्या आरंभी ‘टीबी-३०३’ नावाची चपटी, चंदेरी डबी बाजारात आणली. एकट्याने रियाज करणाऱ्या गिटारवादकाला साथीसाठी बेस गिटारचा आवाज मिळावा, हा तिचा हेतू. म्हणजे आजच्या भाषेत ती आभासी बेस गिटारच. परंतु तिचा आवाज बेस गिटारसारखा मुळीच नव्हता. माल पडून राहिला आणि १९८४ मध्ये उत्पादन बंद झाले. दरम्यान चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार आणि बेस वाजवणारे मुंबईचे वादक चरणजित सिंग यांच्या हाती ती पडली. त्यांनी तिला बेस गिटार मानण्याचा हट्टच केला नाही. त्याच कंपनीचे एक तालयंत्र आणि ‘ज्युपिटर-८’ हा सिंथेसायझर यांच्या जोडीने त्यांनी यमन, मालकंस, ललित असे दहा राग नव्या नाचाच्या ठेक्यावर बसवले आणि १९८२ मध्ये ग्रामोफोन कंपनीने त्याची तबकडी काढली. ती फारशी खपली नाही. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, अमेरिकेतील शिकागोच्या तरुणांनी तीच चंदेरी डबी वापरून ‘अॅसिड हाउस’ नावाचा नाचाच्या संगीताचा प्रकार जगभर नेला. २०१० मध्ये चरणजित यांची तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा परदेशी जाणकार चकित झाले, कारण तेच आवाज मुंबईत आधीच वाजून गेले होते. सत्तरी ओलांडलेल्या या वादकाने मग युरोपात जाऊन मैफली केल्या. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्या डबीची आजची नातवंडे संगणकात राहतात आणि ती नकलेत कितीतरी तरबेज आहेत. त्यांचे काम कसे चालते हे समजून घेणे अवघड नाही. गिटारीला सहा तारा. प्रत्येकीवर वीस पडदे धरले आणि मोकळ्या तारा मिळवल्या, तर १२६ जागा होतात. खरा वादक स्टुडिओत बसून यांतील प्रत्येक जागेवरचा सूर हळू, मध्यम, जोरात आणि फार जोरात असा वाजवतो. तोच सूर पुन्हा वाजवला तरी हुबेहूब तसाच येत नाही, म्हणून प्रत्येक प्रकार चार वेळा ध्वनिमुद्रित केला, तर नमुन्यांची संख्या २,०१६ होते. पिक वरून खाली जाताना आणि खालून वर येताना आवाज वेगळा, तार तळव्याने दाबून वाजवली तर आणखी वेगळा. हे जमेस धरले की ही संख्या सहज कित्येक पटींनी वाढते. कीबोर्डवरील पट्टी दाबली की ती किती वेगाने दाबली याचा आकडा ० ते १२७ या मोजपट्टीवर संगणकाकडे जातो आणि कोठारातून योग्य तो नमुना निघतो. हा निरोप पोहोचवण्याची जी भाषा आहे, तिचे नाव ‘मिडी’. १९८३ मध्ये निरनिराळ्या कंपन्यांनी एकत्र येऊन ती ठरवली आणि आज चार दशकांनंतरही तिचा तो मूळ व्यवहार बदललेला नाही. वजन-मापांच्या प्रमाणीकरणाने बाजाराला जे दिले, तेच या करारामुळे वाद्यांना मिळाले.

दुसरा मार्ग नमुन्यांचा नाही, गणिताचा आहे. केव्हिन कार्प्लस आणि अॅलेक्स स्ट्राँग या दोघांनी १९८३ मध्येच दाखवून दिले की अगदी थोडा वेळ टिकणारा खरखराट एका चक्रात फिरवत ठेवला आणि प्रत्येक फेरीला त्याची धार थोडी बोथट केली, तर कानाला छेडलेली तार ऐकू येते. तार नाही, लाकूड नाही, केवळ बेरीज आणि भागाकार.

इतके असूनही बहुसंख्य नवशिक्यांची आभासी गिटार खोटी वाटते. दोष बहुधा सॉफ्टवेअरचा नसतो. पेटी किंवा कीबोर्ड शिकलेला हात कॉर्ड धरताना तीन-चार सूर जवळजवळ आणि एकाच क्षणी दाबतो. गिटारवर तसे घडत नाही. तिथे पिक एकेका तारेवरून जातो, पहिल्या आणि सहाव्या तारेत सेकंदाचा काही शतांश भाग जातो, आणि परतताना क्रम उलटतो. शिवाय एका तारेवर एका वेळी एकच सूर निघू शकतो आणि डाव्या हाताची बोटे चार-पाच पडद्यांपलीकडे पोहोचत नाहीत. ज्या कॉर्डसाठी माणसाला सात बोटे लागतील, ती ऐकणाऱ्याला गिटार शिकलेला नसतानाही खटकते. म्हणूनच अनुभवी मंडळी एक विचित्र वाटणारा सल्ला देतात. आभासी गिटार चांगली वाजवायची असेल, तर आधी कुणाची तरी जुनी, साधी गिटार सहा महिने मांडीवर घ्यावी. बोटांच्या टोकांना घट्टे पडले की संगणकावरचा हातही सुधारतो.

मुंबईत या छंदाने मूळ धरले ते मात्र कलेपेक्षा जागेच्या टंचाईमुळे. लालबाग-परळच्या चाळीत दोन खोल्यांचे बिऱ्हाड, भिंतीला लागून शेजारी, गॅलरीतून सतत ये-जा. तिथे अँप्लिफायर लावून विजेची गिटार वाजवणे म्हणजे सोसायटीच्या सभेला निमंत्रण. आभासी गिटार हेडफोनमध्ये वाजते आणि शेजारच्या खोलीत आजींची सामायिक निर्विघ्न चालू राहते. खरी अडचण येते ती गळ्याची, कारण गायक आभासी करता येत नाही (निदान भल्या माणसाने करू नये). मायक्रोफोन लावला की कुकरच्या शिट्ट्या, चर्नी रोडवरून सुटणारी लोकल, आणि भाद्रपदात लालबागेत तर रात्रभर ढोल-ताशे. स्तवनांचे ध्वनिमुद्रण पर्युषणाच्या आधी उरकण्याची घाई असते, त्यामागे भक्तीइतकेच हेही कारण आहे.

यावर उपाय महाग नसतो. कपड्यांनी भरलेल्या कपाटाची दारे उघडी ठेवून त्यासमोर गायले की भिंतींवरून परतणारा आवाज बराच कमी होतो. गाद्या आणि जाड गोधड्याही तेच काम करतात. कापडाच्या व्यापाऱ्यांना तर निसर्गतःच स्टुडिओ लाभलेला आहे. थानांनी छतापर्यंत भरलेल्या गोदामात टाळी वाजवून पाहावी. प्रतिध्वनी जवळजवळ येतच नाही. रविवारी गोदाम बंद असते, रस्ताही शांत असतो. परदेशातही याहून फार वेगळे चालत नाही. २०२० साली वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळवणारा बिली आयलिश या तरुणीचा अल्बम बव्हंशी लॉस एंजेलिसमध्ये तिच्या भावाच्या झोपण्याच्या खोलीत तयार झाला होता. आणि चेन्नईच्या ए. आर. रहमान यांनी घराच्या आवारात उभारलेल्या स्टुडिओतून १९९२ मध्ये ‘रोजा’चे संगीत आले, हे तर सर्वश्रुत आहे.

साहित्यासाठी लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, जवळच आहे. मायक्रोफोन आणि गिटारचा आवाज संगणकात नेणारी ऑडिओ इंटरफेस नावाची पेटी, बंद प्रकारचे हेडफोन आणि छोटा कीबोर्ड, इतके पुरे. वाद्ये पाहायची असतील तर धोबी तलावाचे फुर्टाडोज हे १८६५ पासूनचे दुकान आहे. एक तांत्रिक बाब मात्र खरेदीआधी समजून घ्यावी. पट्टी दाबल्यापासून आवाज कानी येईपर्यंत थोडा विलंब होतो. सेकंदाला ४४,१०० नमुने या नेहमीच्या मापाने २५६ नमुन्यांची साठवण ठेवली, तर त्यातून येणारा विलंब सुमारे ६ सहस्रांश सेकंद, म्हणजे दोन मीटर दूर ठेवलेल्या स्पीकरचा आवाज कानी येण्याइतका. तो जाणवत नाही. साठवण १,०२४ वर गेली की २३ सहस्रांश, आणि मग हात ठेक्याच्या मागे पडतो. कितीतरी मुलांना आपल्याला तालाचे अंग नाही असे वाटू लागते ते या एका आकड्यापायी.

सॉफ्टवेअरचा खर्च हा व्यापारी कुटुंबातील खरा चर्चेचा विषय, आणि इथे पाय घसरतो तो नेमका याच टप्प्यावर. कुलूप तोडलेल्या प्रती फुकट मिळतात. मित्र पेनड्राइव्हवर आणून देतो आणि घरात कुणाला त्यात काही वावगे वाटत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत चोरून आणलेला माल घेणे, म्हणजे ‘तदाहृतादान’, हा एक आहे आणि खऱ्याच्या जागी नकली माल खपवणे, म्हणजे ‘प्रतिरूपकव्यवहार’, हा दुसरा. पेढीवर बनावट बिलाचा माल न घेणारे वडील मुलाच्या संगणकातील मालाची चौकशी करत नाहीत, हे थोडे नवलाचे आहे. देशाचा कायदाही मुका नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ६३-ब प्रमाणे अनधिकृत प्रत आहे हे ठाऊक असून संगणकप्रणाली वापरणे हा गुन्हा असून त्यास किमान सात दिवसांची कैद आणि पन्नास हजार रुपयांचा दंड सांगितला आहे. व्यापारासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळू शकते, इतकीच सवलत. आणि चोरीची गरज तरी काय? ‘ऑडॅसिटी’ २००० सालापासून विनामूल्य आहे. अॅपलच्या संगणकाबरोबर ‘गॅरेजबँड’ येते. ‘रीपर’ हे पूर्ण ताकदीचे ध्वनिमुद्रण सॉफ्टवेअर घरगुती वापरासाठी ६० डॉलरमध्ये मिळते. आभासी गिटारींच्याही छोट्या आवृत्त्या काही कंपन्या फुकट देतात आणि शिकणाऱ्याला पहिली दोन वर्षे त्या पुरून उरतात.

प्रतिरूपकाचा दोष आभासी गिटारीलाही लागतो काय? नकल उघडपणे नकल म्हणून ठेवली तर लागू नये. कृत्रिम रेशीम कृत्रिम म्हणून विकणाऱ्यास कुणी लबाड म्हणत नाही. मात्र स्तवनांच्या ध्वनिफितीवर ‘गिटार’ या शब्दापुढे मुलाचे नाव छापायचे की ‘गिटार-प्रोग्रॅमिंग’ लिहायचे, हा प्रश्न दिसतो त्याहून मोठा आहे, कारण त्याच्या पलीकडे खरी माणसे उभी आहेत. एके काळी परळच्या राजकमल कलामंदिरात आणि ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये चित्रपटांचा ध्वनी सिद्ध होत असे आणि एका गाण्यासाठी पन्नास-साठ वादक एका खोलीत बसत. गोव्याहून आलेले ख्रिस्ती वादक, पारशी, बंगाली, पंजाबी, मराठी, सर्वांची चूल त्यावर पेटे. १९९० च्या दशकात सिंथेसायझर आणि संगणकाने ती खोली रिकामी केली. नमुने देणाऱ्या गिटारवादकाला एकदा मानधन मिळते. पुढे हजारो घरांत त्याचीच बोटे वाजतात आणि त्याला कुणी बोलावत नाही. वडीलधारी मंडळी यावर हळहळतात ते योग्यच आहे. तथापि ज्या घरात कधीच पन्नास वादक बोलावले जाणार नव्हते, तिथे त्या मुलाने कुणाची भाकर हिरावली असेही म्हणता येत नाही. ज्यांना परवडते त्यांनी मागे फिरून पाहिल्याचेही उदाहरण आहे. अजय-अतुल यांनी २०१६ च्या ‘सैराट’साठी आभासी व्हायोलिनवर न भागवता अमेरिकेत जाऊन संपूर्ण सिंफनी वाद्यवृंद बसवला. घरगुती स्तरावर मधला मार्ग निघतो. सगळा सांगाडा संगणकावर रचावा आणि एक बासरी किंवा एक गिटार तरी खऱ्या वादकाकडून, योग्य मानधन देऊन, वाजवून घ्यावी. त्या एका वाद्याने बाकीची नकलीही जिवंत वाटू लागतात, असा अनेकांचा अनुभव आहे.

काही घरांत आणखी एक विचार बोलून दाखवला जातो. तबल्याची आणि ढोलकीची पुडी कातड्याची. जुन्या काळी गिटारच्या काही ताराही मेंढ्याच्या आतड्यांपासून होत, १९४० च्या दशकात नायलॉन आले तेव्हा ती प्रथा मागे पडली. संगणकातल्या तबल्याला कातडे नाही, म्हणून तो अधिक निर्दोष, असे काहींना वाटते. पण त्यातील नमुने ज्या तबल्याचे, त्याला ते आहेच. ज्याने त्याने आपल्या विवेकाने ठरवावे.

स्तवन बहुधा रागाच्या अंगाने जाते आणि तिथे आभासी गिटारीची शेवटची परीक्षा होते. पडद्यांच्या वाद्याला मींड सहज येत नाही. कीबोर्डच्या डाव्या बाजूला सूर वरखाली सरकवणारे एक लहान चाक असते. कारखान्यातून येताना ते सामान्यतः दोन अर्धस्वरांइतकेच सरकते, म्हणून यमनाच्या निषादावरून खाली गंधारापर्यंत येताना मध्येच पायरी लागते आणि सूर तुटतो. सॉफ्टवेअरच्या मांडणीत हा आकडा २ वरून १२ केला की चाकाला पूर्ण सप्तकाचा पल्ला मिळतो. मग उजवा हात पट्टीवर एकच सूर धरतो आणि डावा हात चाक फिरवत पुढच्या सुरापर्यंत पोहोचतो. किती फिरवायचे याची खूण चाकावर नसते. पहिले काही आठवडे सूर पुढे तरी जातो किंवा अलीकडे तरी राहतो. मुले तेव्हा मोबाइलवर जुन्या गायकांचे ध्वनिमुद्रण लावतात, एक ओळ ऐकतात, थांबवतात, चाक फिरवून पाहतात आणि पुन्हा तीच ओळ लावतात.